साधारण इथून

फ्रिज बंद पडला आणि फख्रीला जाग आली. आवाजाने माणूस दचकून उठतो हे समजण्यासारखं आहे, पण आवाज थांबला म्हणून उठायचं म्हणजे काय! तो पडल्या पडल्या कान देत राहिला. बाहेर उजाडायला लागलं होतं, समोरच्या गच्चीवरच्या पाण्याच्या काळ्या टाक्या आकाशापासून वेगळ्या दिसायला लागल्या होत्या. डोक्यापासून हातभर अंतरावर तो पिवळट पडलेला जुना फ्रिज उभा होता, गप्प. एरवी तो घुरघुरायचा, मध्येच हिसका द्यायचा आणि पुन्हा घुरघुरायला लागायचा. त्या घुरघुरीला फख्रीने जितक्या शिव्या दिल्या होत्या तितक्या गाडी शिकवताना क्लच आणि ब्रेकमध्ये घोळ घालणाऱ्या शिकाऊ लोकांनाही कधी दिल्या नव्हत्या. आणि आता ती थांबली होती. घरात आपल्याशिवाय श्वास घेणारं एवढंच एक उरलं होतं, तेही गेलं, असं त्याच्या मनात आलं. मग स्वतःचाच राग आला. फ्रिजसाठी कोणी डोळ्यांत पाणी आणतं का, म्हाताऱ्या?

स्वयंपाकघरात झोपणाऱ्या पुरुषाबद्दल लोक दोनच गोष्टी समजतात. एक तर बायकोने बाहेर काढलाय, नाहीतर भयंकर घोरतो. फख्रीचं यातलं काहीच नव्हतं. फख्री जेरुसलेममध्ये झोपत होता, एवढंच. कफर अकबच्या टेकडीवर, सातव्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या घरात, ओटा आणि फ्रिज यांच्या मधल्या पट्ट्यात, लोखंडी खाटेवर. चौकट ओलांडली की पलीकडे झोपायची खोली, तिथे नुहाद झोपायची, ती वेस्ट बँकेत. शहराची हद्द त्यांच्या घरातून जात होती. स्वयंपाकघर आत, खोली बाहेर. फख्रीचं ओळखपत्र निळं, म्हणजे जेरुसलेमचं. आपण हद्दीतच राहतो हे निळ्या ओळखपत्राच्या माणसाला जन्मभर सिद्ध करत राहावं लागतं, नाहीतर ते काढून घेतात. नुहादचं हिरवं. हिरव्याला शहरात पाऊल टाकायचं तर परवाना पाहिजे. अशा जोडप्यांनी जायचं कुठे? तर इथे. हद्दीच्या आत पण शहराला तोडणाऱ्या काँक्रीटच्या भिंतीच्या बाहेर, जिथे कर मागायला माणूस बरोबर येतो आणि कचरा उचलायला कोणी फिरकत नाही. गल्लीत अशी निळी-हिरवी जोडपी ढीगभर होती. पण चौकटीतून हद्द गेलेलं घर एवढं एकच. सुरुवातीला शेजारी मुद्दाम बघायला यायचे.

ओळखपत्रं देणाऱ्या कचेरीच्या भाषेत एक शब्द होता, जगण्याचं केंद्र. तुमच्या जगण्याचं केंद्र शहरात आहे हे दाखवा. फख्रीला तो शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा हसू आलं होतं. त्याच्या जगण्याचं केंद्र बुटकं होतं, त्याची कंबर दुखायची आणि ते भेंडीत टोमॅटो जास्त घालायचं. पण कचेरीला तसलं केंद्र नको होतं. कचेरीला पाहिजे होती झोपायची जागा. माणूस दिवसभर कुठेही हिंडो, रात्री पाठ टेकतो तिथे तो राहतो. म्हणून त्यांची माणसं सकाळी सकाळी यायची, दात घासायचा ब्रश ओला आहे का बघायची, आणि गादीवर तळहात ठेवून ऊब आहे का ते चाचपायची. एकदा असाच एक जण फख्रीच्या खाटेवर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला होता. ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा तो हात होता. फख्री कोपऱ्यात पायजम्याची नाडी धरून उभा होता आणि आपली गादी पुरेशी गरम असू दे म्हणून मनातल्या मनात अल्लाची करुणा भाकत होता.

ती हद्द पहिल्यांदा दाखवली कराच्या कामाला आलेल्या एका जाड्या माणसाने. त्याच वर्षी लमीस, त्यांची एकुलती एक मुलगी, कायदा शिकायला ब्रसेल्सला गेली होती आणि घर नुकतंच रिकामं झालं होतं. लिफ्ट तेव्हाही बंदच. माणूस जिने चढून घामाघूम झाला होता. नुहादने त्याला वेलदोडा घालून कॉफी दिली. त्याने ओट्यावर नकाशा पसरला, बशीने एक कोपरा दाबला, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि हातातला चमचा चौकटीच्या दिशेने हलवून म्हणाला, "साधारण इथून."

"इथून म्हणजे? घरातून?" फख्रीने विचारलं.

"साधारण. पलंग कुठाय तुमचा? तिकडे? मग उस्ताद, जरा विचार करा बुवा." आणि कॉफी छान झाली म्हणून उपकार फेडल्यासारखा चेहरा करून तो गेला.

तो गेल्यावर नुहाद पोट धरून हसली. लमीसची नेलपॉलिशची अर्धी बाटली मागे राहिली होती, गडद लाल, ती घेऊन तिने चौकटीवर कमरेच्या उंचीला एक ठसठशीत रेघ ओढली. "साधारण नको बाई आपल्याला. नक्की पाहिजे," ती म्हणाली. मग पलीकडे जाऊन उभी राहिली, नाक्यावरच्या सैनिकासारखी, पाय फाकवून, लाटणं खांद्याला लावून. "थांब! इंजिन बंद! ओळखपत्र काढा, उस्ताद!" पुढे रोज रात्री हाच खेळ. फख्री खिशातून निळं कार्ड काढून द्यायचा. ती ते उलटंसुलटं करून बघायची, फोटोकडे आणि त्याच्याकडे आळीपाळीने बघायची. "हा तुम्हीच का? फोटोत केस आहेत." मग भेटीची वेळ ठरवून दिल्यासारखं म्हणायची, "उजाडायच्या आत परत. कळलं?" आणि बाजूला व्हायची. त्या दिवसांत खाट नुसती नावाला होती. घड्याळाचा गजर लावून तो पलीकडे झोपायचा, अंधार असतानाच उठायचा आणि खाटेवर येऊन ती अंगाने तापवायचा. आपल्याच घरात चोरासारखं! पण त्यात मजा होती, लग्नाला इतकी वर्षं होऊनही दोघं लपूनछपून भेटत होती.

पुढे काय झालं ते फख्रीला कधी नीट आठवत नसे, कारण झालं काहीच नव्हतं. कोणी येऊन मनाई केली नव्हती. एका हिवाळ्यात गुडघा धरला, गजर झाल्यावर त्या गार फरशीवर पाय टाकवेना. नुहाद अर्धवट झोपेत म्हणाली, "आजचा दिवस तिकडेच झोप की, किती ओढाताण करशील." तो झोपला. दुसऱ्या दिवशी तिची कंबर धरली होती. तिसऱ्या दिवशी तो शिकवण्या आटोपून दमून आला होता. मग कोणी काही बोललंच नाही. हद्द चौकटीवरच होती, ओलांडायची ताकद मात्र हळूहळू आटली. हा जुना फ्रिज घेतला तोवर त्याचं स्वयंपाकघरात झोपणं इतकं पक्कं झालं होतं की फ्रिज कुठे ठेवायचा याच्यावर भांडण झालं ते खाटेच्या दृष्टीने, बाकी कशाच्या नाही. त्याच सुमाराला डॉक्टरांनी नुहादला कडक गादी घ्यायला सांगितली. तिने दोघांची मोठी गादी आणवली. "एकटीला एवढी कशाला?" फख्री म्हणाला. "पलंग दोघांचा आहे ना, मग गादी काय रुमालाएवढी टाकू?" ती म्हणाली. त्यातलं त्याला त्या वेळी काही टोचलं नाही. त्याने गादीवाल्याशी भावावरून हुज्जत घातली आणि विषय संपला.

कार्ड सोडून देता आलं नसतं का? हा प्रश्न लोक सरळ विचारायचे. फख्रीचा जन्म शहराच्या आत, बाब हुत्ताच्या गल्लीतला. आईबापाच्या कबरी तिथे. दर शुक्रवारी तो भिंतीजवळच्या नाक्यावरून रांगेतून आत जायचा, येताना तीळ लावलेले काकचे लांबट पाव आणि झातर मसाल्याची पुडी घेऊन यायचा. नुहादने परवान्यासाठी अर्ज केले, नाकारले गेले, पुन्हा केले, पुन्हा नाकारले गेले. शेवटी तिने नाद सोडला आणि पाव हातात घेऊन आधी त्याचा वास घ्यायला लागली. "सांग," म्हणायची. मग तो सांगायचा. दमास्कस दरवाज्याच्या पायऱ्यांवर कोण बसलं होतं, द्राक्षाची पानं विकणारी म्हातारी आली होती का, कुठल्या दुकानाला कुलूप दिसलं. तिला एकूण एक दुकान पाठ झालं होतं. लमीसचं निळं कार्डही गेलं. ब्रसेल्सला जास्त वर्षं राहिली म्हणून एक दिवस कळवून टाकलं की तुमचं केंद्र आता तिकडे. त्या दिवशी नुहाद फख्रीला म्हणाली, "तू मात्र सोडू नकोस हं. तू सोडलंस तर आपल्या घरातून जेरुसलेम संपलं." तिने असं गंभीर होऊन बोलणं क्वचितच. म्हणून तो खाटेवर झोपत राहिला. गुडघा, कंबर, थंडी ही सगळी कारणं खरी होती, पण हे सर्वांत खरं होतं, असं तो स्वतःला सांगत आला होता.

लमीस शुक्रवारी फोन करायची. तिच्या आवाजात आता कोर्टाचा कडकपणा आला होता. "आई, ती रेषाच बेकायदा आहे. युद्धात घेतलेली जमीन अशी आपल्या शहराला जोडून टाकता येत नाही. जगातल्या सगळ्यात मोठ्या कोर्टाने सांगितलंय. स्वयंपाकघर काय नि खोली काय, दोन्ही एकच भूमी, आपल्या लोकांची. तिचं काय करायचं ते आपल्या लोकांनी ठरवायचं. स्वयंनिर्णय म्हणतात त्याला."

"मग तुझ्या बाबांना सांग की, इकडे येऊन झोपा म्हणून," नुहाद म्हणाली. "स्वयंनिर्णय! आधी हा माणूस कुठलं पांघरूण घ्यायचं ते तरी स्वतः ठरवतो का बघ."

तिघंही हसली होती. फोन ठेवल्यावर नुहाद जरा वेगळ्या आवाजात म्हणाली, "एवढं मोठं कोर्ट आपल्या बाजूचं, फख्री, आणि आपण अजून पांघरुणं वेगळी घेतोय." फख्री तेव्हा नखं काढत होता. तो "हं" म्हणाला. ते "हं" आता त्याला रोज ऐकू यायचं. माणसाला काय काय आठवावं याच्यावरही माणसाचा काही हक्क नाही.

नुहाद गेली ती बहिणीकडे, अल-बिरेला. मुलुखियाची पानं खुडत बसली होती, मान खाली होती, ती वर झालीच नाही. फख्री त्या वेळी पाव घ्यायला रांगेत उभा होता. तिला तिच्या गावी, सिंजिलला, पुरलं. लमीस आली, आठवडाभर राहिली, आईच्या पलंगावर नक्षीची चादर ताणून घातली आणि म्हणाली, "बाबा, मी इथे नाही झोपू शकत." ती मावशीकडे झोपली. चाळीस दिवस उलटले तरी फख्री त्या चादरीला शिवला नव्हता. दिवसा जाऊन समोरच्या खुर्चीवर बसायचा, तिच्या कुंडीतल्या झाडाला पाणी घालायचा, अंधार पडला की उठून आपल्या देशात परत यायचा. गाडी शिकवायचंही सोडलं होतं, पण बसल्या बसल्या त्याचा उजवा पाय अजून मधूनच ब्रेक दाबायचा, जन्मभर शिकणाऱ्याच्या शेजारी बसून लागलेली सवय. खुर्चीत बसून पलंगाकडे बघताना तो पाय जास्तच दाबला जायचा.

मृत्यू कळवला तसं कचेरीने त्याची फाइल उघडली. बायको नाही, मुलगी नाही, तेव्हा केंद्र नक्की कुठे ते पुन्हा पाहावं लागेल. या आठवड्यात पाहणी होईल. आणि नेमका याच आठवड्यात फ्रिजने दगा दिला.

रिब्ही आला तोवर दिवस चांगला वर आला होता. रिब्ही फ्रिज दुरुस्त करायचा, आणि फार वर्षांपूर्वी फख्रीकडे गाडी शिकला होता, म्हणजे इतक्या वेळा नापास झाला होता की फख्रीच्या आयुष्यात त्याला कायमची जागा मिळाली होती. त्याने फ्रिजला कान लावला, मागे वाकून बघितलं, जीभ टाळ्याला लावून च्क केलं.

"उस्ताद, हा मागून उघडावा लागणार. बाहेर ओढायचा तर ही खाट काढा मधून."

"खाट नाही निघणार."

"अहो, निघणार नाही म्हणजे? चार पाय आहेत, सरकेल. दोन तासांसाठी त्या खोलीत टाकू. काम झालं की परत."

"त्या खोलीत नाही म्हटलं ना! पाहणी आहे या आठवड्यात. ते आले आणि खाट तिकडे दिसली तर? गच्चीत ने."

"सातव्या मजल्यावरून गच्चीत, ही खाट, मी? माझ्या पाठीचं काय केंद्र हलवायचंय का तुम्हाला?" रिब्ही गादी गुंडाळायलाही लागला होता. "दोन तासांत कोण येतंय! तुमचा स्वभावच असा. रस्ता रिकामा दिसला तरी तुम्ही ब्रेक मारायचे."

"म्हणून तू अजून जिवंत आहेस."

खाट आडवी केली, उभी केली, चौकटीतून घातली. अर्धी पलीकडे गेली आणि फख्रीने ती धरून ठेवली. त्याने का धरली ते त्यालाही कळलं नाही. रिब्ही तिकडे ढकलत होता, हा इकडे ओढत होता, तोंडाने "थांब, थांब" चाललं होतं, आणि खाटेचे पाय चौकटीला असे काही अडकले की ती पुढेही जाईना आणि मागेही येईना. बरोबर त्या लाल रेघेवर. दोघं घाम पुसत एकमेकांकडे बघत असतानाच दार वाजलं.

पाहणीला आलेला माणूस तरुण होता, किडकिडीत, चांगलं अरबी बोलणारा. लिफ्ट बंद म्हणून त्याने आधी थोडा वेळ नुसता श्वास घेतला. मग फख्रीचं कार्ड बघितलं. "बायको वारली का, हाजी? अल्ला तिला शांती देवो. झोपता कुठे?"

"इथे," फख्रीने ओट्यासमोरच्या रिकाम्या फरशीकडे बोट दाखवलं. तिथे धूळ होती आणि कधीतरी हरवलेला एक चमचा होता.

"इथे? खाट कुठाय?"

"साहेब, खाट हद्द ओलांडताना पकडली गेली," रिब्ही म्हणाला. कोणी हसलं नाही.

फख्री पुढे सरसावला. आता सगळं नीट समजावून सांगायला हवं होतं, फ्रिज, दुरुस्ती, दोन तास, पण शब्द भलत्याच क्रमाने बाहेर यायला लागले. "रोज इथेच झोपतो मी. विचारा कोणालाही. फ्रिजच्या आवाजात. एकही दिवस तिकडे नाही. इतक्या वर्षांत, साहेब, खरं सांगतो, बायको होती तरी नाही." आपल्या तोंडून हे असं, अभिमानाने सांगितल्यासारखं बाहेर पडलं ते ऐकून तो मध्येच थांबला. तरुणाचं लक्ष तोवर चौकटीकडे गेलं होतं.

"हे लाल काय आहे?"

"हद्द."

"कसली हद्द?"

"शहराची. तुमचाच माणूस दाखवून गेला होता. नकाशा घेऊन आला होता. इथून आत, तिथून बाहेर."

तरुणाने मोबाइल काढला, त्यावरचा नकाशा दोन बोटांनी मोठा केला, खिडकीशी गेला, परत आला, खाटेच्या सांगाड्यातून वाकून पलीकडच्या खोलीत मोबाइल धरला. मग तो हसला, वाईट हसला नाही, एखाद्या आजोबांच्या गमतीला हसावं तसं हसला. "हाजी, हद्द इथून नाही जात. ती मागच्या ओढ्यापलीकडून जाते. तुमची अख्खी इमारत आत आहे. दोन्ही खोल्या जेरुसलेममध्ये. कुठेही झोपा!"

"कधीपासून?"

"कधीपासून म्हणजे? पहिल्यापासून."

"पण तो म्हणाला होता, साधारण इथून."

"मग साधारणच म्हणाला ना!" तरुणाने मोबाइलवर काहीतरी टिपून घेतलं. "आणि ही रेघ कोणी ओढली? आमचा माणूस भिंती रंगवत नाही."

"बायकोने," फख्री म्हणाला.

"खूश व्हा की हाजी. कार्ड तुमचं राहिलं." तो जिन्याने खाली गेला, आणि त्याची पावलं सगळे मजले संपेपर्यंत ऐकू येत राहिली.

रिब्हीने फख्रीला मिठी मारली, पाठीवर थापटलं, तोंड गोड करायला कुनाफा मागितला, त्या जाड्या माणसाच्या सात पिढ्यांना शिव्या दिल्या, आणि मग फख्री रेघेकडेच बघत उभा आहे हे पाहून गुपचूप फ्रिजच्या मागे बसून पाना फिरवायला लागला. दुपारनंतर काम झालं. "दम खाऊ दे त्याला, थंड व्हायला वेळ लागेल, आपोआप सुरू होईल," तो म्हणाला. दोघांनी हिसका देऊन खाट चौकटीतून सोडवली. रिब्ही ती धरून उभा राहिला. "कुठे ठेवू, उस्ताद?"

साधा प्रश्न होता. फख्रीने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. कुठेही चालली असती. आयुष्यात पहिल्यांदा कोणी त्याला त्याच्याच घरात कुठे झोपायचं ते विचारत होतं. "भिंतीला टेकवून ठेव," तो शेवटी म्हणाला.

एकटा राहिल्यावर तो ओट्याशी उभा राहून पाणी प्यायला. लमीसला फोन करावा असं वाटलं. काय सांगायचं? तुझं मोठं कोर्ट म्हणालं दोन्ही खोल्या एकच, आणि यांचा मोबाइलही तेच म्हणाला. कारणं दोघांची उलटी, पण उत्तर एक. मध्ये भिंत होती ती कोणाची मग? एक माणूस चमचा हलवून गेला आणि बाकीचं सगळं आपण केलं. रेघ आपण ओढली, खाट आपण आणली, गजर लावला आणि पुढे तोही बंद केला. आणि मग त्याच्या लक्षात आलं की नुहाद त्या खोलीत झोपत होती म्हणजे रोज जेरुसलेममध्ये झोपत होती. परवान्याशिवाय! सगळे अर्ज नाकारून तिला बाहेर ठेवलेली, आणि बाई रोज रात्री आत, दिवा मालवून, निवांत. त्याला खदखदून हसू आलं. हे ऐकून तिने केवढा धिंगाणा घातला असता! शेजारणींना बोलावून सांगितलं असतं, रस्त्यावरच्या लोकांना खिडकीतून ओरडून सांगितलं असतं. तो हसत हसत "नुहाद, ऐकलंस का" म्हणत वळला आणि चौकटीशी येऊन थांबला. सवयीने त्याचा हात शर्टाच्या खिशात गेला होता आणि निळं कार्ड बाहेर आलं होतं. त्याने ते पुढे धरलं. पलीकडे खुर्ची होती, कुंडी होती, खिडकीतून उन्हाचा पट्टा आला होता. फोटोत केस आहेत, असं कोणी म्हणालं नाही.

तो आत गेला. पलंगावरची नक्षीची चादर लमीसने ताणून घातली होती तशीच होती. त्याने ती एका कडेने ओढून काढली. खालची साधी चादरही काढली. डावीकडे, अगदी काठाला, नुहादच्या अंगाचा खळगा पडला होता, खोल, खांद्याचा वेगळा आणि कमरेचा वेगळा कळत होता. इतका काठाशी की अजून जराशी सरकली असती तर खाली पडली असती. आणि उजवी बाजू कोरी होती. हात दाबून बघितला तर ताठ, उंच, दुकानातून आणली त्या दिवशी होती तशी. दुखऱ्या कमरेची बाई इतकी वर्षं एवढ्या मोठ्या पलंगावर एकटी झोपली आणि एकदाही मधोमध आली नाही. त्याची जागा तिने तशीच ठेवली होती. फख्री त्या कोऱ्या जागेवर तळहात ठेवून उभा राहिला, ऊब चाचपणाऱ्या त्या माणसासारखा.

तो उजव्या बाजूला आडवा झाला. गादी टोचत होती, अंगाची ओळख नव्हती तिला. तो हमसून हमसून रडला, घरात कोणी नव्हतं म्हणून मोठ्याने रडला. पाय आपोआप ब्रेक दाबत होता, त्याने त्याला दाबू दिलं. खळग्याकडे तोंड करून तो बराच वेळ पडून राहिला. ऊन खिडकीतून निघून गेलं. मग पलीकडे स्वयंपाकघरात फ्रिजने एक हिसका दिला आणि घुरघुरायला लागला. इथून तो आवाज अगदी बारीक येत होता, कान दिला तरच कळेल एवढा. नुहादला इतकी वर्षं एवढंच ऐकू येत होतं.